परमुलखातील सणवार : डॉ. आनंदीबाई जोशी यांची जीवनकथा

आपल्या मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू जवळ आले, की कितीतरी घरांत दोन-तीन पार्सले बांधून तयार असतात. तिळगुळाच्या वड्या, हलवा, एखादे लहानसे वाण आणि वर जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला. ही पार्सले जातात अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला. कारण आपल्या भंडाऱ्याच्या मुली आणि सुना आता तिकडे संसार करीत आहेत. तिकडून मग फोटो येतात. दारात भोपळे कोरून ठेवलेले, दिवाणखान्यात नाताळचे झाड उभे केलेले, आणि त्याच्याच शेजारी आपला आकाशकंदील टांगलेला. तो फोटो पाहून आजीच्या मनात आनंद होतो आणि एक काळजीही शिरते. नातवंडे तिकडचे सण शिकली, आपले विसरणार तर नाहीत ना?

भगिनींनो, या काळजीला १४० वर्षे होऊन गेली. हा प्रश्न आपल्यांपैकी सर्वांत आधी पडला तो एका अठरा वर्षांच्या मुलीला, आणि तोही पार्सल नाही, फोन नाही, बोटीने पत्र यायला महिना-दीड महिना लागतो अशा काळात. आनंदीबाई जोशी पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, हे शाळेत सर्वांनी वाचलेले आहे. त्यांच्या शिक्षणाची हकिगत पुष्कळ वेळा सांगून झाली. येथे ती सणावारांच्या बाजूने सांगावी असे मनात आहे. कारण बाईमाणसाचे परदेशातले खरे दिवस परीक्षेच्या निकालात सापडत नाहीत, ते चुलीपाशी आणि उंबऱ्यापाशी सापडतात.

त्यांचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणचे जोशी घराणे एकेकाळी जमीनजुमल्याचे, पण पुढे उतरती कळा लागलेले. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे, पोस्टात नोकरीला. सासरी नाव ठेवले आनंदी. गोपाळरावांना बायकोला शिकवायचा ध्यास होता, आणि ध्यास म्हणजे अक्षरशः ध्यास! मुलगी स्वयंपाकघरात दिसली की त्यांचा राग अनावर होई आणि दहा वर्षांच्या त्या पोरीवर हातही उगारला जाई. त्यांच्या उत्साहाचे कौतुक करणारी पुष्कळ पाने लिहिली गेली आहेत. मला मात्र हे मार विसरता येत नाहीत. शिक्षण देणारा आणि मारणारा हात एकच होता. हे आनंदीबाईंनीही पुढे नवऱ्याला पत्रातून सांगून टाकले, आणि त्याच पत्रात त्यांचे ऋणही मानले.

वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला. दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाला असता तर बाळ वाचले असते, ही टोचणी त्या कोवळ्या आईच्या मनातून गेली नाही. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही अशी बायकांची स्थिती होती. बाईने डॉक्टर व्हायला हवे, हा विचार येथून उगवला.

पोस्टाच्या नोकरीत बदल्या फार. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे करीत १८८१ साली जोडपे बंगालात गेले. आधी कलकत्ता, मग श्रीरामपूर. खरे म्हटले तर परमुलूख येथेच सुरू झाला. बंगाली घरंदाज बायका त्या काळी पडद्यात असत. नऊवारी नेसलेली, तोंड उघडे असलेली मराठी मुलगी नवऱ्याबरोबर रस्त्याने पायी चालते, हे पाहून लोक थांबत, बोटे दाखवीत, नाही नाही ते बोलत. भाषा वेगळी, जेवण वेगळे, सण वेगळे. आपण अश्विनात घट बसवून नऊ दिवस माळा चढवतो. तेथे दुर्गेच्या मोठमोठ्या मूर्ती येतात आणि दशमीला नदीत जातात. आपली लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे त्यांची कालीपूजेची. देवी तीच, तिथी तीच, रीत निराळी. स्वदेशातच हा धडा मिळाल्यामुळे पुढचे थोडे सोपे गेले असेल.

अमेरिकेशी ऋणानुबंध जुळला त्याची कथा विलक्षण आहे. कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. मिशनऱ्याने ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत चाळायला म्हणून त्यांनी मेजावरचे मासिक उचलले, आणि त्यात तो मजकूर निघाला. हिंदुस्थानातील या अनोळखी मुलीविषयी त्यांना माया वाटली आणि १८८० साली त्यांनी पत्र धाडले. पुढे तीन वर्षे दोघींची पत्रे चालली. आनंदीबाई त्यांना आपल्याकडचे सण, व्रते, खेळ, लग्नाच्या चालीरीती समजावून लिहीत. कार्पेंटरबाई तिकडचे लिहीत. एकमेकींना पाहण्याआधीच नाते ठरून गेले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, आणि ते संबोधन शेवटपर्यंत टिकले.

त्या एकट्या अमेरिकेला जाणार हे कळताच गहजब झाला. समुद्र ओलांडायचा, तोही बाईमाणसाने, नवऱ्यावाचून! जाती-धर्म सोडणार, मडमेसारखी होऊन परतणार, असे भाकित जो तो करू लागला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांच्या या मुलीने लोकांसमोर उभे राहून इंग्रजीत भाषण केले. का जाते ते सांगितले, आणि हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन अशी भरसभेत हमी दिली. पोशाख बदलणार नाही, आहार बदलणार नाही. या शब्दाने त्यांना पुढे किती बांधून घातले ते पुढे येईलच.

७ एप्रिल १८८३ रोजी बोट कलकत्त्याहून निघाली. पंचांगाचा हिशेब मागे नेऊन पाहिला तर त्या दिवशी फाल्गुनातली अमावास्या येते. प्रवासाला आपण अमावास्या टाळतो. मडमांच्या सोबतीने जाणाऱ्या मुलीला मुहूर्त कोण विचारतो! दुसरा दिवस गुढीपाडव्याचा. घरोघरी गुढ्या उभ्या राहत होत्या, कडुलिंबाचा पाला वाटला जात होता, आणि आनंदीबाईंचे नवे वर्ष बोटीवर उजाडले. (आपल्याकडून कलकत्त्याला जाणारी गाडी आज वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून जाते. त्या साली ही थेट वाट अजून झालेली नव्हती.) बोटीवरचा प्रवास सुखाचा नव्हता. मांसाहाराला शिवायचे नाही, त्यामुळे खाण्याचे हाल, आणि सोबतीच्या मिशनरी बायकांचा धर्माबद्दल सारखा तगादा. जवळजवळ दोन महिने असे काढून ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. मावशी बंदरावर घ्यायला आल्या होत्या.

रोझेल लहानसे गाव होते, पण त्याच वर्षी त्याचे नाव गाजत होते. जानेवारी १८८३ मध्ये एडिसनने तेथे खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले. खांबांवरच्या तारांनी सबंध गाव उजळण्याचा तो पहिला प्रयोग. आपल्या आनंदीबाई समईच्या आणि कंदिलाच्या देशातून निघाल्या, आणि जगात बहुतेकांनी अद्याप न पाहिलेल्या उजेडात जाऊन पोहोचल्या.

पोहोचून महिना झाला आणि पहिला परका सण आला, ४ जुलैचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा तो दिवस. मिरवणुका, तोफा, निशाणे आणि रात्री शोभेची दारू. आपल्या डोळ्यांना ती दिवाळीच वाटावी; फरक एवढाच, की ती देवाची नसते, राज्याची असते. इंग्रजांच्या अमलातून सुटल्याचा उत्सव इंग्रजांच्याच अमलाखालून आलेल्या मुलीसमोर! त्या दिवसांत आपल्याकडे असा सण नव्हता. १५ ऑगस्ट यायला आणखी ६४ वर्षे होती.

मावशींच्या घरात आनंदीबाई पाहुण्या म्हणून राहिल्याच नाहीत, मुलगी म्हणून राहिल्या. घरच्या मुलींशी खेळल्या, घरकामाला हात लावला, स्वतःचे रांधून खाल्ले. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, लुगडे तसेच राहिले. आणि उन्हाळ्याच्या त्या मुक्कामात त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडते. मावशींच्या परिचयातल्या बायकांना त्यांनी आपल्या पद्धतीचे जेवण घातले. त्या गोऱ्या बायकांना लुगडी नेसवली, कुंकू लावले, खाली पंगत मांडली आणि काटे-चमचे दूर ठेवून हाताने जेवायला लावले. त्यांची काय तारांबळ उडाली असेल! पण विचार करा, परक्या घरात आश्रयाला आलेली अठरा वर्षांची मुलगी, महिन्या-दोन महिन्यांत त्या घराची यजमानीण होऊन बसते. आपण पाहुणचार घेतो तेव्हा ओशाळे होतो. त्यांनी पाहुणचार फेडला, आणि तोही आपल्या परसातल्या रीतीने. तिकडच्या लोकांना आपले सण कळावेत तर आधी आपले ताट त्यांच्यापुढे आले पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात वर्ग सुरू झाले. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. त्या साली नवरात्रही ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात बसले होते. इकडे घट बसत होते, पाटीवर सरस्वती काढून मुले तिची पूजा करीत होती, आपल्या वऱ्हाड-झाडीकडच्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणत खिरापती ओळखत होत्या, आणि तिकडे एक सरस्वतीची लेक मुडद्याच्या चिरफाडीचे पुस्तक उघडून बसली होती.

महिनाअखेरीस दिवाळी आली. १८८३ ची अश्विन अमावास्या ३० ऑक्टोबरची. गंमत अशी, की तिकडे ३१ ऑक्टोबरला संतांच्या सणाची आदली रात्र, जिला हॅलोवीन म्हणतात, ती असते. आज आपल्या नातवंडांच्या फोटोत जे कोरलेले भोपळे दिसतात ते याच रात्रीचे; पोरे भुताखेतांची सोंगे घेतात आणि भोपळ्यात दिवा लावतात. म्हणजे त्या वर्षी आपले लक्ष्मीपूजन, पाडवा आणि त्यांची ही भुतांची रात्र अगदी लागून आली. माणसाला ऋतू बदलताना, रात्री मोठ्या होताना दिवा लावावासा वाटतो, मग तो पणतीत लावा की भोपळ्यात.

त्या काळी नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी त्यांचा आभाराचा सण असे. पीक घरात आले म्हणून देवाचे आभार मानायचे आणि सर्व कुटुंबाने एकत्र जेवायचे. हा तर आपल्या भंडाऱ्याच्या बायकांना सांगायलाच नको. बांधीतले धान कापून खळ्यावर आले, की नव्या तांदळाचा पहिला घास देवापुढे ठेवल्याखेरीज आपण तोंडात घालत नाही. तिकडे मात्र या दिवशी ताटाच्या मध्यभागी टर्की नावाचा भला मोठा पक्षी भाजून ठेवलेला असतो. तो नसला तर सण झाला असे कोणाला वाटत नाही. आनंदीबाईंना मांस वर्ज्य. अशा पंगतीला बसणे म्हणजे सणात असून नसल्यासारखेच. परक्याच्या सणात सामील व्हायचे, आणि आपला नेमही मोडू द्यायचा नाही. आपल्या आजच्या शाकाहारी मुलींना हा पेच चांगला ठाऊक आहे. आता त्यांना भोपळ्याची गोड पोळी, कणीस, बटाटे एवढ्यावर मजेत निभावता येते, आणि यजमानही समजून घेतात. त्या काळी भाजी-भाकरीवर जगणारे माणूस तिकडे नवलाचे होते.

सुट्टी लागली की रोझेल हे आनंदीबाईंचे माहेर. त्या दिवसांत नाताळ अमेरिकेत नव्यानेच सार्वजनिक सुट्टीचा सण झाला होता, १८७० पासून. घरात सदाहरित झाड आणायचे, त्यावर मेणबत्त्या लावायच्या, मुलांनी मोजे टांगायचे, सकाळी त्यात खाऊ-खेळणी सापडायची. एडिसनच्या एका सहकाऱ्याने १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला आपल्या घरच्या झाडावर मेणबत्त्यांच्या जागी ऐंशी विजेचे दिवे लावून लोकांना थक्क केले होते. रोझेल तेथून काही मैलांवर. आज आपण दिवाळीला विजेच्या माळा लावतो, त्यांचा मूळ पुरुष तो.

नाताळानंतर पंधरा-वीस दिवसांनी संक्रांत. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते, त्या काळी १२ च्या सुमारास येई. तीळ उष्ण, गूळ उष्ण, थंडीचे दिवस, म्हणून आपले वाडवडील तिळगूळ देत. पण आपली थंडी ती काय! वैनगंगेवर पहाटे धुके पडले की आपण शाली शोधतो. फिलाडेल्फियाला नद्या गोठतात. नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहतात. त्या गारठ्यात ते अशक्य झाले. तेव्हा आनंदीबाईंनी तोड काढली. मडमेचा झगा घातला नाही, पण गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसू लागल्या. शब्द पाळला, पायही झाकले. नियम आणि गरज यांची अशी गाठ घालणे बायकांनाच जमते.

प्रत्येक गोष्टीची अशी तोड निघाली नाही. राहण्याची खोली थंड, शेगडी नीट न पेटणारी, धूर खोलीभर. अभ्यास दिवसाला किती तास चाले त्याला सुमार नव्हता. आहार ठरलेला, तो मिळायला कठीण, मिळाला तर शिजवायला वेळ नाही. अंगात मुळातच ताकद कमी. डोकेदुखी, ताप, धाप कलकत्त्यापासूनच मागे लागलेली. त्यात इकडून गोपाळरावांची पत्रे येत. कधी मायेची, कधी संशयाने भरलेली, टोचणारी. तू बदललीस, तू तिकडची झालीस, असा त्यांचा रोख. ज्या माणसाने हट्टाने पाठवले त्यालाच आता भीती वाटू लागली होती. आनंदीबाई उत्तरात आपण कोणता नेम कसा पाळला ते लिहीत. श्रीरामपूरच्या सभेत दिलेला शब्द त्यांनी लोकांसाठी दिला होता. तो फेडावा लागला नवऱ्यापुढे, महिन्यामागून महिने.

मला प्रांजळपणे वाटते, या शब्दाची किंमत फार झाली. थोडे अधिक पोषण घेतले असते, थोडी अधिक ऊब घेतली असती, तर कदाचित पुढचे वेगळे घडते. पण हे आपण आज पंखा लावून, चहा घेत बोलतो. त्यांनी एक नेम सैल केला असता, तर इकडे लोकांनी तिच्यामागून जाणाऱ्या सर्व मुलींच्या वाटेवर काटे पसरले असते, हेही त्या जाणून होत्या.

१० ऑक्टोबर १८८५ ला काढलेले त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात तीन विद्यार्थिनी: आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या तबात इस्लामबुली त्यांच्या देशीच्या पोशाखात. तीन देशांच्या तीन मुली, तिघी आपापल्या घरच्या वेषात, परक्या गावी. हिशेब केला तर त्या दिवशी नवरात्राची दुसरी माळ येते. देवीच्या दिवसांत काढलेले याहून चांगले चित्र मी पाहिलेले नाही.

१८८५ सालीच गोपाळराव अमेरिकेत पोहोचले. वाटेत व्याख्याने देत, अमेरिकनांच्या चालीरीतींवर टीका करीत आले. त्यांचा स्वभावच तसा. इकडे असताना इकडच्यांना झोडपायचे, तिकडे गेल्यावर तिकडच्यांना. मावशींच्या मनावर त्यांची छाप फारशी बरी पडली नाही. पण दोन-अडीच वर्षांनी आनंदीबाईंच्या घरात घरचे माणूस आले, मराठी बोलणे आले.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. त्याला इंग्लंडहून मुद्दाम आल्या त्या पंडिता रमाबाई. आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्याही होत्या. बरोबर पाचेक वर्षांची मुलगी मनोरमा. पतीच्या मागे लहान लेकीला घेऊन रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या होत्या आणि तेथे ख्रिस्ती झाल्या होत्या. एक हिंदू राहण्याच्या हट्टाने झिजलेली, एक धर्म बदललेली; मायदेशी असत्या तर लोकांनी दोघींना एका पंगतीला बसू दिले नसते. फिलाडेल्फियात त्या एकमेकींच्या शेजारी होत्या. परमुलखात जातिपातीचा पदर असा नकळत सुटतो. आनंदीबाईंचा प्रबंध होता हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर. इंग्लंडच्या राणीकडूनही अभिनंदन आले. पंडिता रमाबाईंची पुढची ओळख आपल्या भागाला वेगळी आहे. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात फिरून त्यांनी शेकडो अनाथ मुलींना उपासमारीतून सोडवून नेले.

पदवीच्या वेळी आनंदीबाईंना एकविसावे वर्ष पुरे व्हायला वीस दिवस होते. कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक दिली. पण क्षयाने शरीरात घर केले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये पतिपत्नी परत निघाली. मावशींचा निरोप घेताना काय झाले असेल ते लिहिण्यासारखे नाही. दोघी जाणत होत्या. त्या वर्षीची दिवाळी २७ ऑक्टोबरची, ती परतीच्या वाटेवरच गेली. जाताना पाडवा बोटीवर, येताना दिवाळी बोटीवर.

नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. बाटून येणार म्हणून ज्यांनी वाट पाहिली, त्यांना कपाळावर कुंकू आणि अंगावर साडी असलेलीच मुलगी दिसली. पुण्यात लोकांनी कौतुक केले, वर्तमानपत्रांनी गौरव केला. उपचार झाले, पण उशीर झाला होता. कोल्हापूरची जागा तशीच राहिली. डॉक्टर झालेल्या या बाईला आपल्या देशात एकही रोगी तपासायला मिळाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत लिहिले. एका मुलीच्या आठवणी दोन देशांतल्या दोन बायकांनी गोळा केल्या.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा नदीत न सोडता मावशींकडे पाठवली. आपल्या शास्त्रात हे बसत नाही. पण गोपाळरावांच्या साऱ्या आयुष्यातले मला पटलेले असे थोडे आहे, त्यात हे आहे. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती रक्षा पुरली, आणि वर दगड बसवला. त्यावर आनंदीबाई जोशी असे नाव आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा मजकूर कोरलेला आहे.

अमेरिकेत मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस पाळतात. त्यांच्या यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी तो १८६८ मध्ये सुरू झाला. पूर्वी ३० मेला असे, आता शेवटच्या सोमवारी असतो. त्या दिवशी लोक सैनिकांच्याच काय, आपल्या सर्व गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर फुले नेऊन ठेवतात. आपल्या पितृपक्षासारखेच, फक्त कावळ्याची वाट पाहत नाहीत. मावशींच्या माणसांच्या शेजारीच आपल्या कल्याणच्या यमुनेचा दगड आहे.